फिटच्या वहीत मनाचाही रकाना हवा: अपस्मार असलेल्या प्रौढांमधलं नैराश्य आणि आत्महत्येचा धोका

आधी तातडीचं. ज्याच्यासाठी तुम्ही हे वाचताय तो माणूस आत्ता जीव देण्याचं बोलत असेल, कधी आणि कसं ते ठरवून बसला असेल किंवा काही करून बसला असेल, तर वाचन थांबवा. त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी किंवा ११२ ला फोन करा, नाहीतर रिक्षा करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. ठाणे-नवी मुंबईत असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल ते. गोळ्या घेतल्याचा संशय असेल तर रिकाम्या स्ट्रिप सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) माणसाला त्यात फिट आली तर उलटी श्वासनलिकेत जाते.

फोनवर बोलायला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. रुग्णासाठी घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने लोक अजूनही कॅज्युअल्टीच्या दारातून मागे फिरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलंही नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण त्यासाठी उपचार अडवून धरायचं काही कारण नाही.

बाकीचा लेख ज्यांच्याकडे थोडा वेळ आहे त्यांच्यासाठी.

हे इतकं का होतं

न्यूरॉलॉजीच्या (मेंदूविकारांच्या) कुठल्याही ओपीडीत दिसणारं एक दृश्य सांगते. नवरा-बायको आत येतात. नवरा रबाळे एमआयडीसीत स्टोअरला. बायकोच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणि एमआरआयचं मोठं पाकीट. डॉक्टर विचारतात, ‘फिट?’ बायको म्हणते, ‘दोन महिन्यांत एकही नाही.’ ‘छान. गोळ्या त्याच चालू ठेवा.’ नवरा एक शब्द बोलत नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसतो. बाहेर आल्यावर बायको हळूच सांगते, हे जेवत नाहीत, रात्री तीनला उठून गॅलरीत बसतात, परवा म्हणाले, ‘तू माहेरी गेलीस तर बरं, तुला तरी सुटका.’ हे तिने आत का सांगितलं नाही? ‘ते फिटचे डॉक्टर ना.’

माझं म्हणणं एवढंच आहे: मनाची अवस्था हा अपस्माराच्याच आजाराचा भाग आहे आणि ती फिटच्या डॉक्टरांच्याच टेबलावर मांडली गेली पाहिजे.

अपस्मार असलेल्या प्रौढांपैकी साधारण चौघा-पाचजणांत एकाला नैराश्य असतं. फिट आटोक्यात नसतील तर प्रमाण आणखी वाढतं. डेन्मार्कमध्ये संपूर्ण देशाच्या नोंदींवरून २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अपस्माराच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. ज्यांना मानसिक आजार नव्हता आणि ज्यांच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा हिशेबही धरला होता, त्यांच्यातही तो जवळपास दुप्पट होता. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मात्र तो पाचपटीच्या वर होता. हे सहा महिने लक्षात ठेवा. नेमक्या याच काळात आपल्याकडे घरातले सगळे ‘कुणाला सांगू नकोस’ या कामाला लागलेले असतात.

कारणं तीन ठिकाणाहून येतात. मेंदूच्या ज्या भागांतून बऱ्याच फिट सुरू होतात, विशेषतः टेम्पोरल लोब (कानाजवळचा, बाजूचा भाग) आणि त्याच्या आतले भावनांशी जोडलेले भाग, तेच भाग नैराश्यातही बिघडलेले दिसतात. नैराश्य आधी आणि अपस्मार नंतर, असा उलटा क्रमही आढळतो. म्हणजे ‘आजाराच्या काळजीने खचला’ हे अर्धंच उत्तर झालं. दुसरं कारण औषधं, त्यावर पुढे येते. तिसरं आपलं जगणं: गाडीचं लायसन्स नाही, ठाणे स्टेशनच्या गर्दीत पडण्याची धास्ती, ऐरोलीतली नाइट शिफ्ट जमत नाही म्हणून गेलेली नोकरी, जमत आलेलं आणि मोडलेलं लग्न.

पहिलं काम: वहीत एक रकाना वाढवा

फिटची वही बहुतेक घरांत असते. तारीख, वेळ, किती मिनिटं, जीभ चावली का. त्याच ओळीत पुढे चार गोष्टी लिहायच्या: झोप किती तास, गोळी चुकली का, औषधात बदल झाला का, आणि मन कसं होतं. मनासाठी शून्य ते दहा आकडा पुरतो. रुग्णाने स्वतः लिहिला तर उत्तम. घरच्यांनी लिहायचं असेल तर त्याला सांगून लिहा. चोरून ठेवलेली वही सापडली की विश्वास जातो.

महिन्याभरात या वहीतून बरंच कळतं, मुख्य म्हणजे वेळेचा मेळ. काहींचं मन फिट यायच्या आधी काही तास किंवा एखादा दिवस पडतं, चिडचिड होते, आणि फिट येऊन गेली की मोकळं होतं. काहींना फिटनंतर एक-दोन दिवस, कधी जास्त, इतकी काळी उदासी येते की त्या काळात जीव देण्याचे विचारही येतात आणि मग आपोआप ओसरतात. ‘ओसरतात ना’ म्हणून सोडून देऊ नका. ते दोन दिवस खरोखर धोक्याचे असतात आणि तेव्हा घरात कुणीतरी हवं. काहींची उदासी फिटशी संबंध नसलेली, कायमची असते. तिचे उपचार वेगळे.

एक प्रकार मुद्दाम सांगते. लागोपाठ तीन-चार फिट आल्या, माणूस शुद्धीवर आला, दिवसभर अगदी व्यवस्थित वाटला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचित्र बोलू लागला, आवाज ऐकू येतात म्हणू लागला, संशय घेऊ लागला, तर ती वैद्यकीय इमर्जन्सी आहे. अशा अवस्थेत माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकतो. ‘अंगात आलंय’ म्हणून कुणाकडे झाडायला नेण्यात जे दिवस जातात, त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

औषधाची तारीख बघा

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये फिटच्या ११ औषधांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा कृती औषध घेणाऱ्यांत हजारात साधारण चार आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत हजारात साधारण दोन असं प्रमाण निघालं. धोका दुप्पट, पण मुळात लहान. सगळ्या औषधांना एकाच मापाने मोजल्याबद्दल नंतर तज्ज्ञांनी टीकाही केली, आणि ती मला पटते, कारण प्रत्यक्षात औषधा-औषधांत बराच फरक आहे.

लेव्हेटिरासेटम हे फिटचं औषध आपल्याकडे फार लिहून दिलं जातं. औषध चांगलं आहे, अनेकांना काही त्रास होत नाही. पण काहींना त्याने चिडचिड, राग, उदासी येते, आणि ज्यांना आधी नैराश्य होतं त्यांना जास्त. टोपिरामेट, फेनोबार्बिटोन, पेरॅम्पॅनेल यांच्याबाबतही मनावर लक्ष ठेवावं लागतं. उलट लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन ही औषधं मनाची चढउतार सावरायलाही वापरली जातात. यावरून स्वतः औषध निवडायचं नाही. गरोदरपण शक्य असलेल्या बाईसाठी व्हॅल्प्रोएटचे बाळावर गंभीर परिणाम होऊ शकतात, तेव्हा हा हिशेब डॉक्टरांचाच.

तुमचं काम तारखा जुळवण्याचं. नवी गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, आणि स्वभाव कधी बदलला? पहिल्या काही आठवड्यांत बदल दिसला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता कळवा. आणि गोळी एकदम बंद करू नका. यावर तडजोड नाही. अचानक बंद केलेल्या औषधाने एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊन जीव जाऊ शकतो. डॉक्टर एक औषध हळूहळू कमी करत दुसरं चढवतात, त्याला आठवडे लागतात.

फिट पूर्ण थांबल्या आणि त्याच सुमारास माणूस बिघडला, असंही क्वचित होतं. घरचे खूश, रिपोर्ट चांगला, आणि रुग्ण म्हणतो मला काहीतरी होतंय. त्याचं ऐका. डॉक्टरांना हा प्रकार ठाऊक असतो.

प्रश्न विचारायचा कसा

नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी सगळीकडे वापरतात. अपस्मारात तिची एक अडचण आहे. थकवा, झोप, लक्ष न लागणं हे प्रश्न तीत आहेत आणि हे सगळं फिटच्या गोळ्यांनीही होतं. म्हणून अपस्मारासाठी सहाच प्रश्नांची वेगळी चाचणी तयार झाली, एनडीडीआय-ई, २००६ साली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात: प्रत्येक गोष्ट झगडल्यासारखी वाटते का, मी करतो ते सगळं चुकतं असं वाटतं का, अपराधी वाटतं का, मेलेलं बरं असं वाटतं का, वैताग येतो का, कशात आनंद मिळणं अवघड झालंय का. प्रत्येकाला एक ते चार गुण. बेरीज १५ च्या वर गेली तर नैराश्याची नीट तपासणी हवी. ‘मेलेलं बरं’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’कडे झुकलं तर बेरीज कितीही येवो, थांबू नका. न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारा की ही चाचणी करता येईल का. तीन मिनिटांचं काम आहे.

घरी विचारायचं तर बहुतेकांची जीभ अडते. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार डोक्यात जाईल, ही भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारल्याने माणूस सुटल्यासारखा बोलू लागतो. पण विचारायची एक रीत आहे. सगळे जेवायला बसलेत, टीव्ही चालू आहे, आणि आई म्हणते, ‘तुझ्या मनात तसलं काही नाही ना रे?’ याला उत्तर ‘नाही’च येणार. प्रश्नातच ते दिलेलं आहे.

एकटे असताना, चालता-चालता विचारा. ठाण्यात असाल तर तलावपाळीला, तळ्याकाठी, एक फेरी मारायला न्या, कारण समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. मोठ्या भावाला बहीण असं विचारू शकते:

‘दादा, गेले पंधरा दिवस तू गप्प आहेस. अपस्मारात असं होतं म्हणे. एक सरळ विचारू? जगणं नको, मरून जावं, असं मनात येतं का तुझ्या?’

मग गप्प राहायचं. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी राहायचं. उत्तर ‘येतं कधीकधी’ असं आलं तर ‘असं काय बोलतोस, पोरांचा विचार कर’ हे तोंडून येऊ देऊ नका. आधीच ‘मी सगळ्यांना ओझं’ म्हणणाऱ्यावर आणखी एक ओझं चढतं. म्हणा, ‘बरं झालं सांगितलंस.’ आणि पुढचं विचारा: कधीपासून? रोज येतो का? काय करायचं ते ठरवलंयस का? त्यासाठी काही जमवून ठेवलंयस का? आधी कधी प्रयत्न केलायस का?

नुसता ‘कंटाळा आलाय, संपलं तर बरं’ असा विचार असेल आणि काही ठरवलेलं नसेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांची भेट ठरवा आणि रोज विचारपूस ठेवा. पद्धत ठरली आहे, साधन हाताशी आहे, आधी प्रयत्न झालाय किंवा दारू चालू आहे, यातलं काहीही असेल तर आजच कॅज्युअल्टी. अचानक सगळ्यांना भेटणं, पैशांचे व्यवहार निस्तरणं, फार दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी शांत होणं, हेही आजच्याच यादीत.

गोळ्यांचा डबा

अपस्माराच्या घरात एक पेच असतो, जो इतर घरांत नसतो. गोळ्या एक दिवसही चुकायला नकोत, आणि त्याच गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा कपाटात असणं खचलेल्या माणसासाठी धोक्याचं. दोन्ही सांभाळायचं.

आठवड्याचा कप्प्यांचा डबा आणा, केमिस्टकडे मिळतो. रुग्णाकडे तेवढाच. बाकीचा साठा दुसऱ्याकडे कुलपात, शक्यतो दुसऱ्या घरी. धोका वाढलेला असेल तर केमिस्टकडून दहा-पंधरा दिवसांचीच गोळी घ्या आणि डॉक्टरांनाही तसं लिहून द्यायला सांगा. तीन-चार दिवसांची जादा गोळी मात्र कुणाकडे तरी हवीच. गणपतीला गावी निघालात, गाडी माणगावला अडकली आणि डबा कळव्यात राहिला, असं व्हायला वेळ लागत नाही.

आता जुना साठा. बहुतेक घरांत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बदललेल्या औषधांच्या उरलेल्या स्ट्रिप पडलेल्या असतात, आजीच्या झोपेच्या गोळ्यांसकट. आज संध्याकाळी तो डबा उघडा. केमिस्ट परत घेत असेल तर द्या, नाहीतर गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. कीटकनाशक, उंदराचं औषध घरातून बाहेर. हे रुग्णाला सांगून करा: ‘तू बरा होईपर्यंत मी सांभाळते.’ तीव्र विचाराची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसणं हाच सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

उपचार

‘डिप्रेशनच्या गोळीने फिट येतात’ हे वाक्य ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठेही ऐकू येईल. त्यापायी कितीतरी लोक वर्षानुवर्षं विनाउपचार राहतात. सर्ट्रालीन, एसिटालोप्राम यांसारखी नेहमीची औषधं योग्य डोसमध्ये अपस्मारात साधारणपणे सुरक्षित मानली जातात. बुप्रोपिऑन आणि क्लोमिप्रामिन ही फिटचा धोका वाढवू शकतात म्हणून टाळतात. काही औषधं एकमेकांचं रक्तातलं प्रमाण कमी-जास्त करतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांकडे दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. मनोविकारतज्ज्ञाला पहिल्या वाक्यात सांगा की अपस्मार आहे.

परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णावर, जास्त लक्ष ठेवायचं असतं. गोळीबरोबर किंवा सौम्य नैराश्यात गोळीऐवजी विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन उपयोगी पडतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. सरकारीत ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. नावाला लोक बिचकतात, पण तिथे ओपीडीत दाखवून घरी येता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही. नवी मुंबईकरांना नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय जवळ पडेल. अपस्मार असलेल्या माणसांचं एकमेकांशी बोलणं हाही एक उपचारच आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेलं संवेदना फाउंडेशन असं काम मराठीतून करतं.

विम्याचं एक वाक्य: २०१७ च्याच कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं. क्लेम नाकारला तर कलम २१ चा उल्लेख करून लेखी कारण मागा.

एक चिठ्ठी, बरं असताना लिहिलेली

रुग्ण बरा असताना त्याच्यासोबत बसून, त्याच्याच शब्दांत लिहा: माझं बिघडायला लागलं की काय होतं (झोप उडते, फोन उचलत नाही). तेव्हा मी एकटा काय करू शकतो (आंघोळ, गच्चीऐवजी खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसणं, जुनी भजनं). नुसतं सोबतीला कुणाकडे जाऊ शकतो. खरं कुणाला सांगू शकतो, दोन नावं आणि नंबर. डॉक्टरांचा नंबर, १४४१६, जवळची कॅज्युअल्टी. मोबाइलमध्ये फोटो आणि पाकिटात कागद. फिटच्या माणसाच्या पाकिटात ओळखीचा कागद असतोच, त्याच्या मागच्या बाजूलाही मावतं.

नोकरी आणि लग्न

अपस्मार हे १९९९ पासून हिंदू विवाह कायद्यात विवाह रद्द करण्याचं कारण राहिलेलं नाही. तरीही लपवून लग्न लावू नका. कायदा काही म्हणो, रोज चोरून गोळी घेणाऱ्या नव्या नवरीचं मन कसं राहील याचा विचार करा. नोकरीत निदान एका सहकाऱ्याला ठाऊक हवं. नाइट शिफ्ट झोप मोडते, झोप मोडली की फिट आणि उदासी दोन्ही वाढतात. शिफ्ट बदलून मागायला न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी मिळते, मागा.

पुन्हा कधी विचारायचं

एकदा विचारून भागत नाही. निदानानंतरचे सहा महिने, औषध बदलल्यानंतरचे काही आठवडे, बऱ्याच दिवसांनी परत फिट आल्यावर, नोकरी किंवा नातं तुटल्यावर, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष (फिट थांबल्या तरीही), आणि आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे, या प्रत्येक वेळी परत तोच प्रश्न, त्याच सरळ शब्दांत.

पुढच्या ओपीडीला जाताना वहीतल्या महिन्याची एक ओळ आधीच लिहून न्या: फिट इतक्या, झोप इतकी, मन दहापैकी इतकं, मरणाचे विचार आले किंवा नाही आले. डॉक्टरांनी ‘फिट?’ विचारलं की तो कागद त्यांच्यासमोर सरकवा. घाईच्या ओपीडीत बोललेलं निसटतं, पण फाइलला टाचलेला कागद पुढच्या डॉक्टरपर्यंतही जातो.